न ऐकता दिलेला होकार

नरडाणा, जि. धुळे
१३ डिसेंबर १९९४

सौ. अक्काला कौतिकचा नमस्कार.

रविवारी मुलगी बघून आलो. वनामामा सोबत होते, त्यामुळे मुलगी दहावी झालेली आहे, घरची शेती कापसाची आहे आणि वडील झुलाल आबा मोकळ्या स्वभावाचे आहेत, हे तुला बोदवडला एव्हाना कळलं असेल. ते सगळं खरं आहे. मामांनी जे सांगितलं नसेल ते मी लिहितो, कारण त्यांना ते माहीत नाही.

अक्का, मला नीट ऐकू येत नाही.

गैरसमज होऊ नये म्हणून मांडून लिहितो. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही. उजव्याने, समोरचा माणूस माझ्याकडे तोंड करून बोलला तर कळतं. पाठीमागून मारलेली हाक कळत नाही. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं फडक्याने पुसून घेतल्यासारखं वाटतं. आत मात्र दिवसरात्र एक बारीक शिट्टी वाजत असते, ती स्पष्ट ऐकू येते. कापसाची सरकी काढायच्या या जिनिंगमध्ये हा माझा सहावा सीझन. पहिल्या दोन वर्षांत संध्याकाळी कान बंद व्हायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे. आता मोकळे होत नाहीत. दोन वर्षं झाली, कोणाला सांगितलेलं नाही.

इथे कोणाला कळलं कसं नाही, असं तू विचारशील. आपल्या बोलीने मला झाकलं. इथे सगळे अहिराणी बोलतात आणि मी आपल्या बोदवडकडचा, पूर्वेचा. पहिल्या वर्षी मला खरोखर अर्धं कळायचं नाही. सगळे हसून म्हणायचे, "तुले आमनी बोली समजत नही का रे?" आता बोली पूर्ण समजते, ऐकूच येत नाही. पण मी तेच पुढे चालू ठेवलं. काही चुकलं की हसायचं आणि म्हणायचं, तुमचं बोलणं वेगळं पडतं. माझ्या शेजारच्या मशीनवर मगन आहे, तो शिंदखेड्याचा, मुलीच्याच गल्लीतला. तो मला 'परदेशी' म्हणतो. परदेशी म्हटलेलं चालतं. बहिरा म्हटलेलं चालणार नाही, कारण बहिऱ्याला मशीनवर कोण ठेवील?

पण मी फार थकतो. दिवसभर लोकांच्या ओठांकडे बघून कपाळ दुखतं. चहाला सगळ्यांत बसणं सोडलं, कारण चौघं एकदम बोलले की कोणाकडे बघावं ते कळत नाही. सगळे हसले की मी हसतो, पण एक क्षण उशिरा. गेल्या महिन्यात सायकलवर असताना मागून ट्रक आला तो हँडलजवळून गेल्यावर दिसला. तेव्हापासून रस्त्याने चालतच जातो, आणि चालतानाही सारखा मागे बघतो. मान आखडली आहे.

आता रविवारचं. झुलाल आबा आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले. मामा खिडकीशी जागा धरायला आत चढले. गाडीचं इंजिन चालू होतं. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. नेमका डावा कान. मला शेवटचं 'शे का' एवढंच ओठांवर दिसलं. मी धरून चाललो की 'बठ्ठं बरं शे ना', म्हणजे सगळं बरं आहे ना, असं विचारत असतील. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच बोलीत म्हणालो, "शे, शे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाठीवर हात फिरवला. आपली बोली बोललो म्हणून खूश झाले असावेत.

साखरपुडा होण्याआधी त्यांना कानाचं सांगावं असं माझ्या मनात आहे. तू म्हणशील तसं करीन.

तुझा
कौतिक


बोदवड
२० डिसेंबर १९९४

कौतिक,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. असलं कागदावर लिहीत जाऊ नकोस. घरात सासूबाई आहेत आणि दुसऱ्याची पत्रं वाचणारे दोन दीर आहेत. आणि पत्र म्हणावं की कोर्टाचा कागद? डावा कान, उजवा कान, सगळं कलमवार.

आता आनंदाचं ऐक. झुलाल आबांचा होकार आला. वनामामाला ते म्हणाले, मुलगा सरळ आहे, आम्हाला असाच पाहिजे होता. साखरपुडा २२ जानेवारीला, रविवारी, त्यांच्याकडे.

म्हणून सांगते, काही बोलायचं नाही. आधीच्या तीन स्थळांनी नाही म्हटलं तेव्हा तुझे कान कोणी तपासले नव्हते. जमीन नाही, आईबाप नाहीत, मुलगा नववी नापास, एवढ्यावरच ती माणसं उठून गेली. आता एक घर तुला सरळ म्हणतं आहे, तर तू स्वतःहून वाकडं दाखवायला निघालास. मुलींचे चष्मे लग्नाआधी कोणाला दिसतात का? हळद लागली की सगळं चालून जातं. बाई एकदा घरात आली की ती काय कान बघून परत जाते?

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. माझ्या लग्नातही तू माझ्या पदराला धरून उभा होतास. तुझं घर मांडून दिल्याशिवाय मला सुटका नाही, हे तुला माहीत आहे.

लसूण घालून तेल कोमट कर आणि झोपताना दोन थेंब सोड. डॉक्टरकडे जायचंच तर धुळ्याला जाऊ नकोस, त्यांची माणसं भेटतील. जळगावला जा. तुझ्या दाजींना मी काही सांगितलेलं नाही.

कुंदा


नरडाणा
६ जानेवारी १९९५

सौ. अक्काला नमस्कार.

बुधवारी सुटी घेऊन पॅसेंजरने जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तू म्हणालीस तसं कोणाला सांगितलं नाही. लसणाचं तेल घालू नका, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी दहाला नाव लिहिलं. कंपाउंडर दारातून नावं पुकारत होता. माझ्यानंतर आलेली माणसं आत जाऊन बाहेर आली. मला वाटलं ओळखीची असतील. दोन वाजता सगळी बाकं रिकामी झाली तेव्हा कंपाउंडर जवळ येऊन चिडला. माझं नाव त्याने तीनदा घेतलं होतं. कानाच्या दवाखान्यातसुद्धा नाव पुकारूनच बोलावतात.

मग त्यांनी मला काचेच्या लहान खोलीत बसवलं. कानांवर पट्टा बसवला, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. थोड्या वेळाने डॉक्टर आत आले, पट्टा काढला आणि तोंड समोर आणून म्हणाले, "मी आता आवाज सोडलाच नव्हता. तुम्ही बटण कशाला दाबलं?"

 एवढा वेळ झाला म्हणजे आवाज आला असेल, आणि आपण दाबलं नाही तर कळून येईल, असं मनात आलं होतं. तपासून घ्यायलाच गेलो होतो अक्का, आणि तिथेही लपवत बसलो. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

मशीनच्या आवाजाने कानातली नस गेली आहे, दोन्हीकडची. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायचं तर जिनिंगमधून बाहेर पडा, असं ते म्हणाले. डोकेदुखी आणि थकवा ऐकण्यासाठी दिवसभर ताण घेतल्याने आहे. कानात घालायचं यंत्र मिळतं, पण ते चारचौघांत दिसतं.

आता माझं असं झालं आहे. मशीनवर राहिलो तर उरलेलं जाईल. मशीन सोडलं तर नोकरी जाईल, आणि नोकरी बघून हे लग्न ठरलं आहे. सोडायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण तर सांगायचं नाही. मी रोज सकाळी हे तिन्ही बाजूंनी मांडून बघतो. कुठूनही वाट निघत नाही.

शनिवारी मशीनचा पट्टा तुटला. मगन ओरडला ते मला कळलंच नाही. त्याने शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचलो. सुपरवायझर पंडितभाऊ धावत आले आणि विचारलं, कानात बोळे घातले आहेस का. मी पुन्हा बोलीचंच सांगितलं. मगन माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी तो मला परदेशी म्हणाला नाही.

कौतिक


बोदवड
१२ जानेवारी १९९५

कौतिक,

हेही पत्र जाळलं. यंत्र घ्यायचं नाही. लग्नानंतर बघू.

साखरपुड्याला मी तुझ्या उजव्या हाताला बसेन. हो म्हणायचं असेल तिथे कोपराने एकदा ढोसेन, नाही म्हणायचं तिथे दोनदा. बाकीचं मी बोलते. तू फक्त मान खाली घालून बस, नवऱ्या मुलाने तसंच बसायचं असतं, कोणी काही म्हणणार नाही. सीझन संपेपर्यंत दम धर. मशीनपासून लांब उभा राहत जा.

कुंदा


शिंदखेडा
२ फेब्रुवारी १९९५

श्री. कौतिक तोताराम पाटील यांना,

मी लता. पत्र बघून नवल वाटेल. मगनभाऊंच्या हाती देते आहे, आणि आईला माहीत आहे.

साखरपुड्याच्या दिवसापासून एक गोष्ट मनात अडकली आहे, ती विचारल्याशिवाय मला चैन नाही.

दिवाळीत तुमचं नाव निघालं तेव्हाच मगनभाऊ आमच्या आबांना म्हणाले होते की मुलगा कामाला चोख आहे, पण त्याला कमी ऐकू येतं, जिनिंगवर सगळ्यांना माहीत आहे, तो मात्र बोलीवर ढकलतो. आबा म्हणाले, आपण त्यालाच विचारू. एसटीजवळ त्यांनी तुम्हाला सरळ विचारलं, "कानले काही तरास शे का?" तुम्ही म्हणालात, "शे, शे."

आबा घरी आले ते ओट्यावरूनच सांगत आले. गेल्या वर्षी माझं एक लग्न ठरून मोडलं, ते तुम्हाला सांगितलेलं आहे. मुलगा कायम नोकरीला आहे म्हणून सांगितलं होतं, तो सहा महिन्यांपूर्वीच घरी बसलेला निघाला. म्हणून आबा म्हणाले, या मुलाने पहिल्याच प्रश्नाला स्वतःची खोट कबूल केली, एक शब्द फिरवला नाही. मला कानाची भीती वाटली होती, खोटं बोलत नाही. पण त्या एका उत्तरावर मी होकार दिला.

आणि साखरपुड्याला कानांचा विषय निघाला तेव्हा तुमच्या बहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याचे कान? सुई पडली तरी ऐकतो. तुमची बोलीच त्याला कळत नाही." तुम्ही मान खाली घालून बसलात. आबांचा चेहरा पडला तो मी बघितला.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे. आम्हाला जे सांगितलंत ते तुम्ही सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही का? परक्याला सांगता येतं आणि घरात सांगता येत नाही, असं का?

लता


नरडाणा
५ फेब्रुवारी १९९५

अक्का,

लताबाईंचं पत्र आलं आहे. त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. इथे जिनिंगवरही सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षं मी जे लपवलं ते फक्त मलाच लपलेलं वाटत होतं.

झुलाल आबांनी एसटीजवळ मला कानाबद्दलच विचारलं होतं, आणि मी शे म्हणालो होतो. ते मला खरं बोलणारा समजतात. लताबाईंना वाटतं की मी त्यांना सांगितलं आणि तुझ्यापासून लपवलं. सगळं उलटं झालं आहे. काय लिहू?

कौतिक


बोदवड
१० फेब्रुवारी १९९५

कौतिक,

देवाने वाचवलं, आणखी काय लिहायचं? त्यांना माहीत आहे आणि तरी होकार आहे, मग रडतोस कशाला? हो, मीच सांगितलं होतं, असं लिहून दे. बहिणीला काळजी नको म्हणून तिच्यापासून लपवलं, असंही लिही. खोटं माझ्या माथी लाव, मला चालेल. शे म्हणालास ना? मग झालं. कशावर म्हणालास ते कोण विचारतं?

कुंदा


नरडाणा
१४ फेब्रुवारी १९९५

लताबाई यांना,

तुमच्या पत्राचं उत्तर मी चार वेळा लिहिलं. तीन उत्तरांत मी तुम्ही समजता तसा माणूस होतो. ते कागद वाचायला चांगले होते. हा चौथा आहे.

आबांनी एसटीजवळ काय विचारलं ते मला ऐकू आलं नव्हतं. मला फक्त 'शे का' दिसलं. सगळं बरं आहे ना, असं विचारत असतील, असा अंदाज करून मी शे म्हणालो. मी काही कबूल केलं नाही. त्याच दिवशी एसटीत बसल्यावर मी मनात हिशोब केला होता की कोणाला कळलं नाही, आजचा दिवस निभावला.

माझ्या बहिणीला मी आधीच सांगितलं होतं. लपवायचं आम्ही दोघांनी ठरवलं. ती आईच्या जागी आहे, तिला दोष देऊ नका. साखरपुड्याला ती मला कोपराने खुणा करत होती, त्यावर मी मान हलवत होतो.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की हे बरं होणार नाही आणि मशीनवर राहिलो तर वाढेल. हेही तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

ज्या उत्तरावर तुम्ही होकार दिलात ते उत्तर मी दिलेलं नाही. तेव्हा तो होकार तुम्ही परत घेऊ शकता. मी कोणाला कारण सांगणार नाही.

कौतिक पाटील


शिंदखेडा
२१ फेब्रुवारी १९९५

कौतिकराव,

पत्र मी आधी एकटीने वाचलं. मग आबांना वाचून दाखवलं, कारण त्यांच्यापासून लपवून मला पुढे काही करायचं नाही.

 तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "बहिरेपणाचं मला काही नाही. पण हा माणूस जन्मभर न ऐकता कशाकशाला हो म्हणत बसेल? उद्या पोर तापली, डॉक्टरने औषध सांगितलं, तर हा मान हलवून घरी येईल."  ते खरं आहे. तुमचे कान मी सांभाळीन, तुमचं हो कसं सांभाळू?

तुम्ही खरं लिहिलंत, तेही मी बघते. पण पत्रात खरं लिहिणं सोपं असतं. समोर कोणी नसतं.

पुढच्या मंगळवारी आबा कापसाची गाडी घेऊन तुमच्या जिनिंगवर येतील. मी आणि वहिनी सोबत येऊ. मी तुम्हाला एक गोष्ट विचारीन, तिथेच, मशीनजवळ, सगळ्यांच्या देखत. ऐकू आली तर उत्तर द्या. नाही आली तर तुम्ही काय करता ते मला बघायचं आहे.

लता


नरडाणा
१ मार्च १९९५

सौ. अक्काला नमस्कार.

तुला न विचारता मी त्यांना खरं लिहून टाकलं. तू रागावशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं सांगतो. मी आता मशीनवर नाही. काल पंडितभाऊंनी मला मशीनवरून उतरवलं. बाहेर आवारात रुईच्या बांधलेल्या गठाणींवर नंबर आणि मार्का रंगवायचं काम दिलं आहे, माझं अक्षर चांगलं आणि शुद्ध आहे म्हणून. तेही सीझन संपेपर्यंतच.  पुढचं काय ते मी समोर उभा राहून विचारलं, आणि त्यांचं 'बघू' मला नीट ऐकू आलं.

लग्न मोडलेलं नाही. तारीखही धरलेली नाही. आबा म्हणाले, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबू.

काल मंगळवारी ते आले. गाडी वजनकाट्यावर लावली आणि आबा, लताबाई आणि त्यांच्या वहिनी आत आले. सगळी मशीनं चालू होती. आत रुईचे तंतू उडतात म्हणून बाहेरून आलेलं माणूस नाकातोंडावर पदर धरतं. लतानेही धरला होता. मी रात्रभर विचार केला होता की ओठांवरून ओळखीन. ओठच दिसत नव्हते.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. पदर थोडा हलला, एवढंच. मगन बघत होता. पंडितभाऊ दारात होते. आबा त्यांच्या शेजारी. अक्का, माझं तोंड आपोआप हसायला लागलं होतं. मान खाली जायला लागली होती. दोन वर्षांची सवय आहे, ती मला विचारून होत नाही. मी हाताने मशीनचा दांडा घट्ट धरला.

मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही."

ते किती मोठ्याने निघालं ते मला कळलं नाही. पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, त्यावरून समजलं. पंडितभाऊ दारातून दोन पावलं आत आले. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगणं एवढं कठीण जाईल असं वाटलं नव्हतं. 

तिने पुन्हा विचारलं. पदर तसाच. मी पुन्हा म्हणालो, नाही आलं. तिसऱ्यांदाही तसंच. मगनने तोंड फिरवलं. तेवढ्यात मला वाटलं की ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडायलाच आली आहे, आणि तसं असेल तरी आता उपाय नाही.

मग ती उजव्या बाजूला आली, अगदी जवळ. पदर हनुवटीखाली घेतला. तिच्या केसांवर, भुवयांवर रुई बसली होती. एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं,

"प्यायचं पाणी कुठे आहे?"

सकाळपासून गाडीवर बसून आली होती. ओठ सुकले होते. या प्रश्नाला हो म्हणून चालणार नव्हतं, नाही म्हणूनही नाही.

माठ मागच्या शेडमध्ये आहे, असं मी सांगितलं. ती तिथेच उभी राहिली, कारण मागची शेड कुठली हे तिला कसं ठाऊक असणार. मी मशीन मगनच्या हवाली केलं आणि पुढे चालायला लागलो.

कौतिक